धूमकेतूसाठी चाळीस मिनिटं

आम्ही तिघं डोंगर चढलो, ते एका धूमकेतूचा फोटो काढायला. तो पहाटे पूर्वेला, क्षितिजालगत, जेमतेम चाळीस मिनिटं दिसायचा. आणखी चार पहाटा, की गेलाच!

दादा, माझा थोरला भाऊ, चष्म्याची भिंगं घासतो. नऊ पहाटा त्यानं परसात कॅमेरा लावून घालवल्या होत्या. कधी धुरकं आडवं आलं, कधी शेजारच्या धुराड्याच्या गरम हवेत तारे उकळल्यासारखे थरथरले, तर कधी भिंगावर दवच साचलं.

"धुकं खालीच बसतं गं," तो म्हणाला. "माथ्यावर आकाश धुतल्यासारखं असेल."

मी रुग्णालयात नर्स आहे, रजा काढली. माझा नवरा ट्रक चालवतो, त्याला सगळे पैलवान म्हणतात. कॅमेऱ्याची तिपाई आणि बॅटऱ्या त्याच्याच पाठीवर आल्या.

मध्यरात्रीनंतर निघालो. धुकं इतकं दाट, की विजेरीचा झोत हातभर पुढे जाऊन भिंतीवर आदळल्यासारखा थांबायचा. दगडांवर बर्फाचा पापुद्रा होता. चार तास आम्ही एकमेकांच्या श्वासाच्या आवाजावर चाललो. मग अचानक डोकं धुक्याबाहेर निघालं! वर असंख्य तारे, खाली पांढरं पठार. आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो.

वारा मात्र कापत होता. तिपाई हलू नये म्हणून दादानं ती आमच्या एकुलत्या एका दोरानं खडकाला आवळली. आधाराला आणखी दगड आणायला पैलवान चार पावलं खाली उतरला.

पाय सटकला! दगड गडगडले. मग आरोळी.

मी कड्याशी धावले. दहा-बारा फूट खोल घळीत तो पडला होता. उजवा पाय दोन शिळांच्या फटीत, घोट्यापर्यंत गोठत्या पाण्यात.

"अगं, पाय निघत नाहीये!"

"दादा, दोर सोड!"

त्याच क्षणी क्षितिजावर धूमकेतू उगवला. लांब, फिकट शेपटी, अगदी स्पष्ट.

दादा कॅमेऱ्यावरून नजर काढेना. "चाळीस मिनिटं थांब. दाजी कुठं पळून जातायत?"

"त्याचा पाय जाईल!"

"दोर सोडला तर कॅमेरा जाईल."

मी बोलत बसले नाही. गाठ सुटेना, म्हणून चाकूनं दोर कापला. वाऱ्यानं तिपाई कलली. दादानं ती दोन्ही हातांनी कवटाळली.

"आता ओढायला ये!" मी ओरडले.

"मला हात सोडता येत नाहीत!"

मी दोराचं टोक दुसऱ्या खडकाला बांधलं आणि उरलेला खाली फेकला. पैलवानानं पाण्यात हात घालून बुटाची नाडी सोडली. बोटं बधिर झालेली. तीन वेळा नाडी निसटली. शेवटी बूट फटीत सोडून पाय बाहेर आला. मग इंच इंच करत तो दोर धरून वर आला, आणि मी त्याच्या कॉलरला धरून ओढलं. पाय मेणासारखा पांढरा पडला होता. मी शाल गुंडाळली आणि त्याला खांद्याचा आधार देऊन उतरणीला लागले.

दादा तिथंच तिपाईला मिठी मारून उभा होता.

पैलवानाच्या पायाची चेंगरलेली दोन बोटं कापावी लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा वॉर्डात आला. डोळे लाल. त्यानं कॅमेऱ्याची स्क्रीन माझ्यासमोर धरली. कॅमेऱ्यानं आपोआप काढलेल्या प्रत्येक फोटोत धूमकेतू पुसट, ताऱ्यांच्या रेघोट्या झालेल्या.

"आकाश स्वच्छ होतं, पण वरची हवा खवळलेली होती. आणि मी तिपाई धरलेली." तो खाली बसला. खाटेवरच्या पायाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. "उद्या पहाटे शेवटची संधी आहे. म्हणतात, वारा पडेल. तुला वाट माहीत झालीय. येतेस?"

उत्तर खाटेवरून आलं.

"जा दादा," पैलवान म्हणाला. "एकटेच जा."

आणि तो खरंच गेला.