भिंतीतल्या दारामागची पाचवी खुर्ची

वाचकहो,

पुढे जी हकीकत कथन करीत आहे, ती प्रत्यक्ष घडलेली आहे. मनोरंजनार्थ रचलेली नाही. जिच्यावर ती गुदरली ती बाई वॉर्सा शहरातल्या एका खाणावळीत माझ्यासोबत काम करते. तिच्या तोंडून जसे ऐकले तसेच, पदरचे काही न घालता, येथे मांडीत आहे. ज्यांचे मन हळवे आहे, अथवा जे आज घरात एकटे आहेत, त्यांनी हे उद्या वाचले तरी चालेल.

तारीख चोवीस डिसेंबर, सन दोन हजार अठरा. वार सोमवार.

ठिकाण, वॉर्साचे जुने शहर.

वेळ रात्रीची नव्हे, दुपारच्या पावणेचारची. परंतु या देशात हिवाळ्यात पावणेचारलाच अंधार पडतो.

बोग्ना तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. सप्टेंबरात तिची आई वारली. ऑक्टोबरात तिने नोकरी सोडली, पाठीवर सॅक अडकवली आणि ती निघाली. एक शहर, दोन रात्री, मग दुसरे शहर. युद्धात जमीनदोस्त झालेली आणि नंतर चित्रे पाहून पुन्हा जशीच्या तशी उभारलेली शहरे ती एकामागून एक पायाखाली घालीत होती. ती काही शोधत नव्हती. तिला फक्त घरी जायचे नव्हते.

घर देंब्लिनला. गाडीने जेमतेम दीड तास. तेथे तिचे वडील, झेनॉन, एकटे होते.

चोवीस तारखेच्या, म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, आकाशात पहिली चांदणी दिसली की येथील प्रत्येक घर जेवायला बसते. वर्षातले सर्वांत मोठे जेवण. एक ताटली जास्तीची मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. आणि बोग्नाच्या घरी आणखी एक जुनी रीत होती. बसण्यापूर्वी तिची आई प्रत्येक खुर्चीवर हळूच फुंकर घालीत असे आणि म्हणत असे, "सरक जरा, जिवा." समजूत अशी, की वारलेली माणसे त्या संध्याकाळी घरी येतात आणि दमून जागा मिळेल तेथे बसतात. न फुंकता बसले तर आपण त्यांच्या अंगावर बसतो.

या वर्षी ती फुंकर घालणारी नव्हती. त्या टेबलापाशी बसण्याचे बोग्नाला धैर्य होत नव्हते.

तिने आदल्या दिवशी वडिलांना फोनवर सांगितले की गाड्या भरल्या आहेत, तिकीट नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षे रेल्वेत नोकरी केली, ज्याला आजही सगळे वेळापत्रक तोंडपाठ आहे, त्याला ती हे सांगत होती.

 वडील म्हणाले, "बरं. नसेल."

आणि मग, "तुझी ताटली मांडतो तरी."

म्हणजे तीन ताटल्या. एक त्यांची, एक तिची, एक अवचित पाहुण्याची. आणि माणूस एक.

हे मनात घोळत राहिल्यामुळे त्या सोमवारी ती स्टेशनवर गेली. सॅक पाठीवर होती. एक पन्नासची गाडी समोर उभी होती. डबे निम्मे रिकामे होते. ती दारापाशी उभी राहिली... शिट्टी झाली... दारे मिटली.

ती चढली नाही.

पावले तिला पुन्हा जुन्या शहरात घेऊन आली. ज्या इमारतीत तिने दोन रात्रींपुरती खोली घेतली होती, तेथील राखणदारीण लेओकादिया पायरीवरचा बर्फ झाडीत होती. वय ऐंशी. पाठ वाकलेली, जीभ ताठ.

"गेलीस म्हणून मी चादरीसुद्धा धुवायला टाकल्या," ती म्हणाली. "सणाच्या दिवशी पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडतेस. गोगलगाय आहेस का गं तू?"

बोग्नाने हसून वेळ मारून नेली. म्हातारीने तिला साडेचारला आपल्याकडे जेवायला बोलावले. बोग्ना म्हणाली, बघते. हे "बघते" म्हणजे "नाही", हे दोघींनाही कळले.

विषय बदलावा म्हणून बोग्नाने मधल्या दाराकडे बोट दाखवले. इमारतीला रस्त्याकडून तीन दारे होती, आणि मधले सर्वांत देखणे. गडद हिरवे, वर कोरलेले द्राक्षांचे घोस. ते कधी उघडलेले तिने पाहिले नव्हते.

"उघडेल कसं?" म्हातारी म्हणाली. "पूर्वी इथे तीन घरं होती. परत बांधली तेव्हा बाहेरून तीन ठेवली, आतून एकच केली, एका जिन्याची. मधलं दार शोभेचं. मागे भिंत आहे. या गल्लीत सगळं जुनं दिसतं पोरी, पण माझ्याहून जुनं इथे काही नाही."

बोग्ना भटकत राहिली.

पावणेचार वाजले. अंधार पडला. दुकाने बंद. चौक रिकामा. खिडक्या मात्र सगळ्या उजळलेल्या. काचांमागे बशांचा आवाज, खुर्च्या ओढल्याचा आवाज, कोणाचे तरी हसणे. बाहेर तीच एकटी. तिच्या बुटांखाली बर्फ करकरत होता.

फोन सॅकच्या तळाशी होता. बंद करून ठेवलेला. वडिलांनी फोन केलाच, तर तो वाजू नये म्हणून.

ती परत त्या इमारतीपाशी आली. आणि थांबली.

मधले हिरवे दार... किलकिले होते.

फटीतून पिवळा उजेड पायरीवर पडला होता. आतून बिटाच्या साराचा वास येत होता. वाळवलेल्या अळंबीचा वास. तिच्या घरचा वास.

तिला वाटले, म्हातारीने आपली चेष्टा केली. दार चांगले उघडते की.

आतून एका बाईचा आवाज आला. "आत या. दार लावून घ्या, गारठा येतोय."

त्या संध्याकाळी या देशात कोणी कोणाला दारातून परत पाठवीत नाही, आणि बोलावणे कोणी मोडीतही नाही. ती आत गेली. तिने दार लावून घेतले.

चिंचोळा बोळ. लाकडी जमीन. पुढे एक खोली.

खोलीत पांढऱ्या कापडाचे टेबल. कापडाखाली रिवाजाप्रमाणे वाळलेले गवत. पाच खुर्च्या. चार खुर्च्यांवर माणसे. एक म्हातारा, एक बाई, दोन मोठ्या मुली.

पाचवी खुर्ची रिकामी. समोर ताटली मांडलेली.

बोग्नाने नमस्कार केला. कोणी वर पाहिले नाही. तिला वाटले, प्रार्थना चालू असेल. तिने सॅक उतरवून टेबलाच्या पायाशी टेकवली. आणि ती बसली.

तिने फुंकर घातली नाही. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशा टेबलापाशी बसत होती. आठवण राहिली नाही.

म्हाताऱ्याने सणाची ती कागदासारखी पातळ पांढरी पोळी घेतली. ती एकमेकांना मोडून देतात आणि वर्ष सुखाचे जावो म्हणतात. त्याने बाईला दिली. बाईने थोरल्या मुलीला. थोरलीचा हात बोग्नासमोरून गेला... आणि पुढे धाकटीकडे गेला.

बोग्नाने पुढे केलेला हात तसाच राहिला.

मग तिला एकेक गोष्ट जाणवू लागली.

खोलीत विलक्षण थंडी होती. तिच्या तोंडातून वाफ येत होती. त्या चौघांच्या तोंडातून येत नव्हती.

सारातूनही वाफ येत नव्हती.

चमचे ताटल्यांना लागत होते... पण आवाज नव्हता. बाहेरून, बंद खिडक्यांमधून, तिने साऱ्या गल्लीचे चमचे ऐकले होते. येथे, हाताच्या अंतरावर, काहीच नाही.

आणि छतातून चुन्याची बारीक धार पडत होती. सरळ, न थांबता, टेबलाच्या मधोमध. सार पांढरे होत चालले होते. ते सर्व जण ते खात होते.

तिने उठायचे ठरवले. पाय ऐकेनात.

तेवढ्यात मागे बोळातली लाकडी जमीन वाजली. पावले. जड, दमलेली.

बाईने प्रथमच मान वर केली. बोग्नाकडे नाही, तिच्या मागे पाहून ती हसली. म्हणाली, "किती उशीर. बस. तुझी खुर्ची ठेवलीये."

पावले बोग्नाच्या पाठीमागे येऊन थांबली.

कोणीतरी वाकले...

आणि तिच्या मानेवर थंड फुंकर आली. हळू. लांब.

कानाशी पुरुषाचा आवाज म्हणाला, "सरक जरा, जिवा."

वाचकहो, त्या एका क्षणात तिला सर्व उमगले. त्या टेबलापाशी जिवंत माणसे ती होती. आणि जिच्यासाठी फुंकर घालतात, जी कोणाला दिसत नाही, ती... ती स्वतः होती.

ती कशी उठली हे तिला आठवत नाही. बोळ आठवत नाही. हाताला थंड लाकूड लागले आणि ती रस्त्यावर बर्फात गुडघ्यांवर होती.

मागे हिरवे दार बंद होते. तिने ते ढकलले. मुठींनी बडवले. भिंतीवर हात मारावा तसा आवाज आला.

सॅक आतच राहिली होती.

आवाज ऐकून लेओकादिया खाली आली. तिने काही विचारले नाही. हाताला धरून वर नेले, शेगडीपाशी बसवले, अंगावर घोंगडी टाकली. बोग्नाने अडखळत सर्व सांगितले. म्हातारी टेबलाची कड धरून ऐकत राहिली.

"तिथे एक उंच खुर्ची होती का गं?" तिने शेवटी विचारले. "लाल. लहान पोराला बसवतात तशी. मी त्यात बसायची. युद्धाआधी आम्ही मधल्या घरात राहायचो."

बोग्ना म्हणाली, नव्हती. पाचही सारख्या होत्या.

"म्हणजे आमची माणसं नव्हेत ती." म्हातारीने कड सोडली.  मग खाली बघत म्हणाली, "चाळीस वर्षं झाडतेय त्या दारापुढे. मला कधी कुणी आत ये म्हणालं नाही."

बोग्नाने अंगावरची घोंगडी तिच्याही खांद्यावर ओढली. 

तिचा फोन सॅकमध्ये गेला होता. म्हातारीकडे जुना, तारेचा फोन होता. बोग्नाला एकच क्रमांक तोंडपाठ होता. लहानपणापासूनचा. घरचा.

पहिल्या घंटेलाच उचलला.

"बाबा, मी."

"जेवलीस?" वडिलांनी विचारले.

"नाही."

 पलीकडे खाकरल्याचा आवाज.

"माझ्या हातून एक चुकलं, पोरी," ते म्हणाले. "बसायच्या आधी तुझ्या आईच्या खुर्चीवर फुंकर घातली. ती घालायची तशी. म्हटलं या वर्षी कुणीतरी घालायला हवी. मग वळलो, आणि... तुझ्याही खुर्चीवर घातली. म्हणालोसुद्धा, सरक जरा, जिवा. जित्या माणसाच्या खुर्चीवर असं म्हणत नाहीत. तेव्हापासून घास उतरत नाहीये. तू बरी आहेस ना?"

बोग्नाने विचारले, किती वाजता.

"चार वाजून सात मिनिटं." रेल्वेचा माणूस. अदमासे सांगत नाही. "चांदणी दिसली तेव्हा. आणि खुर्ची हलली. जरा मागे सरकली, कुणी घाईनं उठावं तशी. मी मनात म्हटलं, लाकूड आहे, थंडीनं तडकलं असेल."

बोग्नाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाचला दहा कमी होते. ती त्या खोलीत किती वेळ होती, हे तिला आजही सांगता येत नाही.

ती म्हणाली, "बाबा, आता गाडी कधी आहे?"

एक क्षणही गेला नाही. "सहा चाळीस. चौथ्या डब्यात बस, उतरलीस की जिना समोरच येतो. सार गरम करून ठेवतो."

लेओकादियाने तिकिटाचे पैसे तिच्या खिशात कोंबले. बोग्नाने तिला सोबत चला म्हणून फार विनवले. म्हातारी म्हणाली, इथे कुणीतरी असायला हवं, कोण कधी दार वाजवील सांगता येत नाही.

सव्वाआठला बोग्ना घरी पोचली. तीन ताटल्या तशाच होत्या. तिची खुर्ची टेबलापासून वीतभर मागे सरकलेली. वडिलांनी ती जागेवर ढकललेली नव्हती. बोग्ना तिच्यासमोर उभी राहिली. ती वाकली, फुंकर घातली, थोडा वेळ थांबली... मग बसली. दोघे जेवले. त्या रात्री आईविषयी पहिल्यांदा बोलणे झाले.

आता माझे शेवटचे चार शब्द.

ती फुंकर त्या टेबलाजवळच्या माणसाची, की सत्तर मैलांवरून आलेली बापाची, हे मी बोग्नाला विचारले होते. ती बिटे सोलत होती. सोलत राहिली. म्हणाली, "आवाज बाबांचा नव्हता. पण श्वासाला त्यांच्या तंबाखूचा वास होता."

सॅक आजतागायत मिळालेली नाही. लेओकादिया दोन वर्षांपूर्वी वारली. दारापुढचा बर्फ आता नगरपालिकेची माणसे काढतात. माझा कामावर जाण्याचा रस्ता तेथूनच आहे, आणि एकवीस वर्षांत मी तो बदललेला नाही. मात्र गेल्या चोवीस डिसेंबरला दुपारी मी त्या हिरव्या दारासमोरून जात असता, आतून एका म्हातारीचा हसण्याचा आवाज आला. जीभ ताठ असलेल्या म्हातारीचा.

मी थांबलो नाही. घरी येऊन खुर्चीवर फुंकर घातली. माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे. मी त्या संध्याकाळी उभ्यानेच जेवलो.

ज्यांनी हे शेवटपर्यंत वाचले, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. शुद्धलेखनात उणे-अधिक असल्यास सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
सोनू बाबाजी तांडेल
मुक्काम वॉर्सा