डावा मागचा

तांबूस दिवा दर चार सेकंदांनी लुकलुकत होता. बाहेर उणे एकतीस तापमान होतं, पण त्याच्या ठेक्यात काडीचाही फरक नव्हता. ट्रकच्या पुढे हिमकडा कोसळलेला, मागेही तसाच. बर्फ उपसणारं यंत्र पाच तासांनी यायचं होतं.

"डावा मागचा टायर गार पडलाय, म्याडम," गहिनीनाथ कोकरे रेडिओवर म्हणाला. "दोन तास स्टोव्ह लावून शेकला. चाक मोकळं फिरतंय. तरी कळ थांबंना, दिवा विझंना."

पलीकडे, तळावर, डॉ. शाल्मली पेंढारकर होत्या. त्याला चेतासांधा त्यांनीच बसवला होता. ट्रकचे संवेदक ड्रायव्हरच्या मज्जारज्जूशी जोडणारा हा दुवा. चाक घसरायच्या आधी ते ड्रायव्हरला अंगात जाणवायचं. दिवा दोघांना मिळून एकच. माणसाचा किंवा गाडीचा, कुठलाही भाग गोठू लागला की पेटायचा.

"चाकांचे आकडे माझ्यासमोर आहेत. सगळी ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "डावा बूट काढा."

"माझा? मला कुठं काय दुखतंय?"

"म्हणूनच काढा."

पाय मेणासारखा पांढरा निघाला. त्यानं नख रुतवलं. काहीच कळलं नाही.

"आयला! म्हंजे मी चाकच शेकत बसलो व्हय?" त्याला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"पायाची कळ तुम्हाला चाकात लागतेय. मेंदूनं पायाची जागा चाकाला दिली आणि पायाचं रक्त आखडून घेतलं. आता नुसतं शेकून भागणार नाही. मी इथून सांधा सोडवला, तर मेंदू पायाला पुन्हा ओळखेल. पण तुमच्या वयात सांधा परत धरत नाही. ट्रक कायमचा सुटेल. सोडवायचा का, पाच वर्षं विचारतेय तुम्हाला."

"अन् मी म्हणतोय, पुढच्या हंगामाला बघू."

"आता पाय वाचवायला वीस मिनिटं आहेत, कोकरे."

दहाही चाकांखालचा बर्फ त्याला वेगवेगळा कळत होता. ताडपत्रीवर वारा आदळला की पाठ शहारत होती. आणि तो पाय, कुणीतरी विसरून गेलेल्या पान्यासारखा चटईवर पडला होता. लहानपणी याच पायानं आपण सायकल शिकलो, हे त्याला आठवलं; पण एखाद्या शेजाऱ्याबद्दल आठवावं तसं.

"बोला. सांधा सोडू ना?"

"सांधा ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पाय सोडा."