मेंदूतली खाली

आधी एक कोडं घालते. एक हात आहे. तो लसूण सोलतो, सुईत दोरा ओवतो, भाकरी थापतो, स्कूटरचा ब्रेक दाबतो. कुठं काही दुखत नाही. पण तोच हात तबल्यावर ठेवला की अनामिका आणि करंगळी आपोआप आत मुडपतात, आणि 'ना' हा बोल वाजवायला जावं तर नुसतं 'ठक्' ऐकू येतं. सांगा, बिघाड कुठं आहे? बोटांत, की तबल्यात?

हा हात माझ्या आत्याचा, श्रावणी गुरव हिचा. मिरजेत आत्या साथीला बसली की गाणाऱ्याला धीर यायचा. माझी गुरूही तीच. त्यामुळं हे कोडं सोडवायला आमच्याकडं माणसांची रीघ लागली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. बाबा म्हणाले, कार्यक्रमाची धास्ती घेतलीय. सगळ्यांत वाईट उत्तर खुद्द आत्याचं होतं. ती म्हणायची, "माझा रियाज कमी पडतोय."

आम्हा तबलेवाल्यांचं हे असंच असतं. कुठल्याही दुखण्यावर औषध एकच. बोट अडलं, रियाज वाढव. लय सुटली, रियाज वाढव. सर्दी झाली तरी बहुधा तेच सांगतील. आत्यानं पहाटेचा रियाज दुप्पट केला आणि बोटं आणखीच मुडपायला लागली. शेवटी एका रविवारी तिनं तबला आणि डग्गा खोळीत घालून माळ्यावर ठेवले.

"कावेरी, कोल्हापूरला एक गुरुजी आहेत. त्यांच्याशी बोललेय मी," ती म्हणाली. "माझं वाकडं बोट तुला नको लागायला."

मला दुसरे गुरुजी नको होते. मी मोठ्यानं भोकाड पसरलं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, त्यामुळं ते शोभून गेलं.

हाताच्या तपासण्या झाल्या. हाडं ठीक, नसा ठीक. मग तपासणाऱ्या डॉक्टरांनीच मुजावर आजोबांचं नाव सुचवलं. आजोबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. हा एकटाच तंबोऱ्याचा भोपळा सोडून माणसाच्या भोपळ्यात शिरला, असं त्यांचे भाऊ चेष्टेनं म्हणत. निवृत्त झाले तरी कृष्णाघाटाच्या रस्त्यावरच्या मेंदू-प्रयोगशाळेत ते रोज येत असत.

आत्यानं त्यांना एकदा तबल्यावर बोटं फिरवून दाखवली आणि एकदा लसूण सोलून दाखवला. लसूण मीच खिशातून नेला होता. आजोबा खुश झाले.

"बोटांचं काही चुकत नाही," ते म्हणाले. "बोटं हुकमाची ताबेदार. हुकूम सुटतो तो वरून." त्यांनी कानापासून माथ्याकडं जाणाऱ्या वाटेवर बोट टेकवलं. "इथं कवटीच्या आत मेंदूचा एक पट्टा हालचालीचं काम बघतो. तिथं एकेका बोटाच्या चेतापेशी (संदेश पाठवणाऱ्या पेशी) शेजारी शेजारी राहतात."

"मग डोकं उघडून बघणार?" मी घाबरून विचारलं.

"छे गं! आम्ही दार उघडत नाही, बाहेरून टकटक करतो. हातोबा, ये इकडं."

छतावरून एक लांबलचक यांत्रिक हात सरसरत खाली आला. त्याच्या टोकाला चष्म्याच्या दोन काचांसारखी शेजारी शेजारी दोन वेटोळी होती.

"नमस्कार. मी हातोबा," तो गंभीर आवाजात म्हणाला. "आपल्या डोक्यात किंवा छातीत काही धातूचं यंत्र बसवलेलं आहे का? कधी फिट आली होती का? केसांत पिना आहेत का?"

आत्यानं पिना काढून माझ्या हातात दिल्या.

आजोबांनी सांगितलं ते असं. वेटोळ्यातल्या तांब्याच्या तारेतून क्षणभर जोरदार वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र (चुंबकाचा प्रभाव पोचतो तेवढी जागा) तयार होतं आणि लगेच विरतं. हाडाला त्याचा अडथळा होत नाही. असं झटकन बदलणारं क्षेत्र कवटीतून आत गेलं की मेंदूत बारीकशी वीज जागी होते आणि तिथल्या चेतापेशींना वाटतं, हुकूम आला! मग बोट हलतं. हाताला चिकटवलेल्या पट्ट्या स्नायूची हालचाल टिपतात आणि पडद्यावर तिची टेकडी उमटते. जेवढी हालचाल मोठी, तेवढी टेकडी उंच.

"दुखेल?" आत्यानं विचारलं.

"डोक्यावर टिचकी मारल्यासारखं वाटेल. आवाज मोठा आहे, म्हणून कानात बोळे घाला. नकोसं वाटलं की 'थांब' म्हणा, हातोबा थांबेल. आणि एक आधीच सांगतो, श्रावणीबाई. ही तपासणी आहे, उपचार नव्हे. यातून बोट बरं होईल असं वचन मी देत नाही."

आत्या खुर्चीत बसली. टक्. टक्. टक्. वेटोळं वाजायला लागलं आणि तिची तर्जनी प्रत्येक टकेला उडायला लागली, तिनं न हलवता! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

थोड्या वेळानं हातोबा म्हणाला, "मापन बाद. स्नायू सैल नाहीत."

पुन्हा सुरुवात केली, पुन्हा बाद. तिसऱ्यांदाही तेच. हातोबा रागावू शकत नाही, पण त्याचा आवाज जरा तसा वाटला. मी आत्याच्या मांडीवरच्या हाताकडं नीट पाहिलं आणि मला हसूच फुटलं.

"आजोबा, ती ठेका धरतेय! त्या टक्‌टकीवर तीनताल लावलाय तिनं!"

आत्या लाजली. "काय करू चाचा? कानात बोळे घातले तरी टक्‌टक ऐकू येतीय. एकसारख्या लयीत काही वाजलं की माझी बोटं चालतातच की."

आजोबा पोट धरून हसले. इतकी माणसं त्या खुर्चीत बसली होती, पण ताल धरून प्रयोग मोडणारी हीच पहिली. त्यांनी हातोबाला सांगितलं, "दोन टकांमधलं अंतर कमीजास्त कर. पुढची टक कधी येणार ते यांच्या मेंदूला कळता कामा नये."

"म्हणजे बेताल वाजवू?" हातोबानं विचारलं.

"अगदी बेताल."

आत्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला, पण बोटं शांत राहिली. मग खरी तपासणी झाली. आधी हातोबानं अगदी हलकी टक दिली. त्या टकेनं बोट हललंच नाही. मग जोराची टक दिली, तेव्हा उंच टेकडी उमटली. शेवटी जोडीनं दिल्या, आधी हलकी आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जोराची.

"आता गंमत बघ," आजोबांनी मला पडद्याजवळ ओढलं. "मेंदूत दोन तऱ्हेच्या चेतापेशी असतात. काही म्हणतात 'हल', तर काही म्हणतात 'गप्प बस'. हलकी टक बहुतेक या गप्प बसवणाऱ्या पेशींनाच जागं करते. त्या जाग्या असताना जोराची टक आली तर टेकडी कशी होईल?"

"लहान?"

"बरोबर. ही बघ, ज्यांना हा त्रास नाही अशा लोकांची मापं." पडद्यावर बुटक्या टेकड्यांची रांग आली. "आणि ही आत्याची."

आत्याची टेकडी जवळपास पहिल्याइतकीच उंच होती.

"तर्जनीला 'हल' म्हणताना शेजारच्या बोटांना 'गप्प बस' म्हणायचं असतं," आजोबा म्हणाले. "आत्याच्या मेंदूत ते गप्प बसवणं कमी पडतंय. म्हणून नको असलेली बोटंही उठतात. याला डिस्टोनिया म्हणतात (स्नायू नको तेव्हा आखडण्याचा विकार). हा विकार कधीकधी एकाच कामापुरता येतो. वर्षानुवर्षं तेच बारीक काम करणाऱ्या हातांत तो जास्त दिसतो. मेंदूतल्या आणखीही जागा यात गुंतलेल्या आहेत. सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही."

मला नीटसं कळलं नव्हतं. आत्याला कळलं. ती खुर्चीत सरळ झाली.

"कावेरी, तीनतालात नवव्या मात्रेला आपण काय करतो?"

"खाली. टाळी द्यायची नाही, हात नुसता उघडायचा. आणि ठेक्यात डग्ग्याची घुमारी बंद."

"आणि मी तुला सारखी काय ओरडते?"

"खाली म्हणजे सुट्टी नव्हे. गप्प राहणंसुद्धा वाजवावं लागतं."

"माझ्या डोक्यातली तीच खाली हरवलीय, चाचा," आत्या म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मी आळशी नाही. माझा रियाज कमी पडला नाही."

"अजिबात नाही. झाला असेल तर जास्तच झालाय."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. मुजावर आजोबांना मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीच.

डोळे पुसून आत्या पडद्याकडं वळली. "या बुटक्या टेकड्या कुणाच्या?"

"नावं सांगायची नाहीत, असा नियम आहे. कुणी शिक्षक, कुणी भाजी विकणारी. काही त्रास नसताना ही माणसं इथं येऊन बसली. त्यांची मापं नसती तर तुमची टेकडी उंच आहे हे कळलं असतं का? उंच म्हणजे कुणापेक्षा उंच?"

"मग त्यांचे आभार कसे मानू?"

"त्यांचे मानता येत नाहीत. पुढं कुणाला तरी या खुर्चीत पाठवा, झालं."

"मी बसते!" मी हात वर केला.

"अठरा पूर्ण होऊ देत," हातोबा म्हणाला. "नियम आहे."

निघताना आत्या वाकली. तबल्याला नमस्कार करतो तसा तिनं खुर्चीला हात लावून कपाळाला लावला. मग हातोबालाही केला.

"यावर मी काय म्हणायचं असतं?" हातोबानं विचारलं.

"काही नाही," आजोबा म्हणाले. "गप्प राहायचं."

नंतरचं सगळं सोपं नव्हतं. आजोबांच्या सहकाऱ्यांचा एक नवा अभ्यास चालू होता. मेंदूला हलकं उत्तेजन द्यायचं आणि त्याच वेळी बोटांना नव्यानं, अगदी हळू शिकवायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे त्यांनी पुन्हा बजावलं. तरी आत्या तयार झाली. माळ्यावरचा तबला मीच खाली काढला. सुरुवातीला ती फक्त एका बोटानं एकच 'ना' वाजवायची आणि लगेच हात उचलून घ्यायची. तिला 'पुरे' म्हणायचं काम माझ्याकडं होतं, कारण रियाज थांबवायला ती कधी शिकलीच नव्हती. कोल्हापूरच्या गुरुजींना तिनं फोन करून नको म्हणून सांगितलं.

आज ती पूर्वीसारखं वेगात वाजवत नाही. दमली की करंगळी अजून मुडपते. पण संथ ठेक्यावर तिचा 'ना' असा काही निघतो की गाणारा मागं वळून बघतो. आणि माझी गुरू अजून तीच आहे.

गेल्या आठवड्यात मला अठरा पूर्ण झाली आणि आज सकाळी आम्ही दोघी प्रयोगशाळेत आलो. सातारची एक सतारवादक मुलगी तपासणीला यायची आहे म्हणतात. तिचं नाव मला सांगितलेलं नाही, आणि माझं तिलाही सांगणार नाहीत. मुजावर आजोबा आता काठी टेकत येतात, पण पडद्यासमोरची जागा कुणाला देत नाहीत. मी केसांतल्या पिना काढून आत्याच्या हातात दिल्या, खुर्चीला हात लावून कपाळाला लावला आणि बसले.

हातोबा छतावरून खाली आला. "बेताल वाजवू ना?" त्यानं विचारलं.

"वाजव," मी म्हटलं आणि हात सैल सोडला.