काटेराणीचा ‘ना’

काटेराणीचा सिनेमा यायला तेव्हा बराच अवकाश होता. कार्टूनही नव्हतं. एका इशाऱ्यावर वेली सोडून अख्खं शहर जखडणारी ही दुष्ट बाई राहायची एका साप्ताहिकातल्या चित्रकथेत, मधल्या दोन रंगीत पानांवर, आणि दर रविवारी रेडिओवर. रेडिओवरचा तिचा आवाज आपल्या नायिकेचा. “असल्या किंकाळ्या मारणाऱ्या मुलीला पत्करणार कोण?” म्हणत तिची आत्या कपाळाला हात लावायची.

त्या दिवशी ध्वनिमुद्रण अगदी रंगात आलं होतं. “वेलींनो, आवळा त्याला!” असं ती गरजली आणि नेमका तेव्हाच दार ढकलून एक तरुण आत आला. बिचाऱ्याने दोन्ही हात वरच केले! बोटं शाईने काळीनिळी.

“मी... पानं द्यायला...”

“बाहेरचा लाल दिवा दिसला नाही?”

“दिसला. पण आवाज ऐकला, आणि... राहवलं नाही.”

लेखकाचे संवाद चित्रकथेच्या फुग्यांमध्ये सुबक अक्षरात उतरवणं हे त्याचं काम. काटेराणीचा शब्द न् शब्द आधी त्याच्या टाकातून उतरायचा, मग हिच्या ओठांवर यायचा. पुढे दर गुरुवारी पानं घेऊन तो स्वतःच येऊ लागला — ऑफिसात शिपाई असताना!

“तुमचं अक्षर फार गोड आहे हो. खलनायिकेला शोभत नाही.”

“तुमचं हसणं तरी कुठे शोभतं?”

झालं! पुढची तीन वाक्यं ती चुकली. काय दिवस होते ते! आवाज नको म्हणून पंखा बंद, कपाळावर घाम, गार झालेला चहा, आणि काचेपलीकडून एकटक बघणारे ते डोळे...

मग दूरच्या शहरातून बोलावणं आलं. काटेराणीचं कार्टून निघणार होतं, आवाज हिचाच हवा होता. करार तीन वर्षांचा. तिने त्याला सांगितलं, तर तो नुसतं “छान...” म्हणाला आणि टाक पुसत बसला. अस्सा राग आला तिला!

रेडिओवरच्या शेवटच्या भागात नायक वेली तोडून निसटतो आणि काटेराणी त्याला दरडावते. समोरच्या पानावर होतं तसं तिने वाचलं, “जाऊ नकोस ना...”

“अगं, ना काय ना?” दिग्दर्शककाका ओरडले. “धमकी आहे ती!”

“असंच लिहिलंय, काका.”

काकांनी पान पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

“चूक... माझी चूक झाली.”

“राहू दे तसंच,” काका म्हणाले. “पहिल्यांदाच माणसासारखी बोलली बया.”

तो ‘ना’ कार्टूनमध्ये गेला, मालिकेत गेला, आणि पुढे सिनेमातल्या नटीने त्यावर डोळ्यांत पाणी आणलं. जाणकार त्याचे गहन अर्थ लावतात. लावू देत बापडे.

त्या दिवशी मात्र ध्वनिमुद्रण संपताच बाहेरच्या पॅसेजमध्ये तिने त्याला गाठलं. “खरंच चूक होती?”

“नाही. तू मला आवडतेस.” या वेळी तो अडखळला नाही. “पण तू जा. माझ्यापायी एवढं काम सोडलंस, तर मला ते आयुष्यभर खात राहील.”

“आणि तू?”

“मी... येईन ना मागून. तिथेही अक्षरं लिहायला कुणीतरी लागेलच.”

“मागून कशाला?” तिने त्याची शाईची बोटं घट्ट धरली. “सोबतच चल. एकटीने जायच्या कल्पनेने गेले आठ दिवस धड जेवले नाहीये मी.”