काळ्या समुद्राची शेवंती

"ते फूल कुठून आणलं तुम्ही?"

कानाशी कोणीतरी पुटपुटलं आणि धम्मशीला दचकून वळली. मंडपात वंदना चालू होती. पांढऱ्या साडीतल्या नवरीच्या अंबाड्यावर तिनंच खोवलेला पिवळा झुपका सगळ्यांच्या नजरेत भरत होता. चिखलीत पार्लर टाकल्यावर साखरखेर्ड्याची ही तिची पहिलीच नवरी. इथं नाव झालं तर कामं मिळणार होती, नाव गेलं तर शटर ओढायचं.

विचारणारा नवरीचा भाऊ, प्रेमानंद. दूर काळ्या समुद्रावर शिकायला असतो, एवढं तिनं ऐकलं होतं. डोळे असे हसरे असतील, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"खिडकीतल्या डब्यातून घेतलं. माही शेवंती जीपमंधी सुकून गेली… वाटलं, घरच्यायनंच ठेवलं असंल."

"ते फूल नाही. अंडे आहेत. समुद्री गोगलगायीचे."

धम्मशीलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. "अंडे? नवरीच्या डोक्यात?"

"हळू! वाळलेले आहेत. शाळेतल्या पोरायले दाखवाले आणले होते. एकेका पाकळीत शेकड्यानं असतात."

"पाकळी म्हणू नका हो!"

त्यानं रुमालात हसू दाबलं. आता काढायचं तरी कसं? नवरी हात जोडून बसलेली… आणि हा मात्र अगदी जवळ.

"मंग… पिल्लं काय खातात?" तिला राहवलं नाही.

"आधी पाण्यावर तरंगतात. शेवाळाचे बारीक कण खातात. गरीब असतात बिचारी."

"बरं झालं बाई."

"मोठी झाली की शिंपलीले मिठी मारतात. गुदमरून शिंपली उघडली, की आतलं मांस खातात. तो समुद्र त्यायचा नाहीच. जहाजासंगं आले अन् शिंपल्यायची वस्तीच्या वस्ती साफ केली."

धम्मशीलानं तोंडावर पदर घेतला. मिठी म्हणताना हा माणूस सरळ तिच्याकडे पाहत होता!

वंदना संपली तशी केसरबाई, नवरीची आत्या, लगबगीनं आली. "पोरी, माह्या नातीच्या लग्नात असंच फूल पाह्यजे. नाव काय त्याचं?"

"काळ्या समुद्राची शेवंती म्हणा," प्रेमानंद हळूच म्हणाला. "कोणाले कळते?"

एक शब्द, की सगळं निभावणार होतं. धम्मशीला केसरबाईंकडे वळली.

"आत्या, ते फूल नाही. गोगलगायीचे अंडे आहेत. माह्या हातून चुकून लागले."

केसरबाईंचा आ वासलेलाच राहिला. नवरीनं, अश्विनीनं, अंबाडा चाचपला आणि अशी किंचाळली, की ताशेवाला वाजवायचा थांबला. मग तीच पोट धरून हसत सुटली. आई तानुबाई मात्र लेकावर धावून आल्या, "डबा खिडकीत तूच ठेवला न बे?"

धम्मशीला मंडपामागे पेटी भरत होती. प्रेमानंद तिथं आला.

"मी खोटं सुचवलं. तुम्ही ते बोलल्या नाहीत… काऊन?"

"नातीच्या डोक्यात काय लावलं असतं मंग?"

तो हसला नाही. "उद्या निघतो मी. एक सांगाचं राह्यलं. ते पिल्लू किती दिवस लाटांसंगं वाहत जाते… मंग एखादी जागा त्याले जमते. तिथं टेकलं, की पोहायचे पंख गळून जातात. पुन्हा वाहता येत नाही त्याले."

"मंग?"

"मले… जागा जमली."

तिच्या हातातला कंगवा खाली पडला. "अन् उद्या तर चालले!"

"अजून वर्षभराचं शिक्षण आहे. थांबसान का?"

ती बराच वेळ कंगवाच शोधत राहिली. तो पायाशीच होता.

"टेकल्यावर ते मांस खाते म्हणे?"

"हाव."

"तुमची गाडी चिखलीवरूनच जाते न? उतरा मंग. माही आई मटण चांगलं करते… अन् बाबा घरीच असतात."

बोलून गेली आणि स्वतःच्याच धिटाईनं धम्मशीला जागच्या जागी गार झाली.