अखेरची फळी

पाय घाला रजईत, शेगडी चांगली तापलीय. आणि ते दार नीट ओढून घ्या. सांगतो, पण उद्या पुलापलीकडे जाऊन तोकुजीला विचारत बसू नका. तो हसेल, चहा देईल आणि त्या दिवशी जेवणार नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट, सेत्सुबुनच्या सणाच्या आदल्या रात्रीची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी दरी दारातून भाजके सोयाबीन फेकत ‘भुतं बाहेर’ म्हणून ओरडणार होती. तोकुजी निघाला होता गेंझोकडे, जमीनविक्रीच्या कागदावर शिक्का मागायला.

आपल्या ह्या दरीत आजोबांनी समुद्राकडून पाठीवर मीठ वाहून आणलं, घराघरात रेशमाचे किडे पोसले. बापांना अक्कल आली, त्यांनी डोंगरावर तारेला टांगलेल्या खुर्च्यांची लिफ्ट उभारली आणि शहरातल्या लोकांना बर्फ विकलं. आता लिफ्ट गंजली. बाहेरदेशची एक कंपनी तो उतार घ्यायला तयार होती, पण उतार सगळ्या गावाचा. एका घराचा शिक्का राहिला तर सगळंच मुसळ केरात. राहिला होता गेंझोचा. तोकुजीचं घर म्हणजे उतारावरचंच लॉज, तेही विक्रीत जाणार होतं; त्याचं छप्पर बर्फानं वाकलं होतं, आणखी एक हिवाळा काही ते धरत नव्हतं.

"देतो की शिक्का," गेंझो म्हणाला. "आधी कबूल कर, तुझा बाप खोटं बोलला."

"मेलेल्या माणसाला कशाला मध्ये ओढतोस?"

"माझी आईपण मेलेलीच आहे. तिला कुठं सोडलंत तुम्ही?"

हे जुनं दुखणं. गेंझोची आई त्सुने वर शिखरावर चहाची टपरी चालवायची. बर्फावर घसरत उतरायची विद्या काही तिला आली नाही, म्हणून ती संध्याकाळी लिफ्टच्या खुर्चीत बसूनच खाली यायची. खाली लिफ्टवर तोकुजीचा बाप, कामेओ. दिवसाच्या शेवटच्या खुर्चीला तो एक लाल फळी अडकवायचा. ती वर पोचली की त्सुने काढून घ्यायची, खुर्चीत बसायची आणि फळी मांडीवर घेऊन खाली यायची. फळी हातात आली की कामेओ लिफ्ट बंद करायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं.

मग एका वादळी संध्याकाळी लिफ्ट बंद झाली, आणि सकाळी त्सुने सापडली. वर, दोन खांबांच्या मध्ये, खुर्चीत गोठलेली. कवेत टपरीची मोठी लोखंडी किटली.

कामेओ मरेपर्यंत एकच सांगत राहिला, फळी आली, मगच मी बंद केलं. गेंझो म्हणायचा, आईच्या मांडीवरची फळी आईशिवाय येईलच कशी? लॉजवर येणाऱ्या पाहुण्यांची बस गाठायची म्हणून त्यानं आधीच बंद केलं. ती बस मीच चालवत होतो. कामेओ स्टँडवर उभा होता, एवढं मी पाहिलं. पुढचं मला माहीत नाही. बाप खरं बोलला की नाही, हे तोकुजीलाही माहीत नव्हतं. तेच त्याला आतून खात होतं.

तोकुजी उठला, तसा गेंझो दारातून म्हणाला, "आणि रात्री लिफ्ट फिरवून मला घाबरवायचे धंदे बंद कर."

तोकुजी चपापला. हेच वाक्य तो गेंझोला सुनावणार होता. चार लोकांनी ती रात्री फिरताना ऐकली होती. मोटर कधीच भंगारात गेली, वीज तोडलेली. म्हणजे हाच ट्रॅक्टर लावून तार ओढतो आणि वर मलाच चोर ठरवतो. मुद्देमालासकट धरायचं, असं ठरवून तोकुजी जेवणानंतर टॉर्च घेऊन खालच्या यंत्रघरात जाऊन बसला.

बर्फ पडत होतं. वारा नव्हता. बाहेर ट्रॅक्टरच्या चाकांचा माग नव्हता. स्वतःची पावलं सोडली तर कुणाचाच माग नव्हता.

आणि तार कुरकुरली.

टॉर्च मारला. मोठं चाक फिरत होतं. मोटरच्या जागी नुसतं भोक होतं, आणि चाक फिरत होतं.

"गेंझो?... बास झालं, बाहेर ये."

कुणी आलं नाही. आली एक रिकामी खुर्ची. मग दुसरी. तिसरीला लाल फळी अडकवलेली होती. खुर्ची रिकामी.

तोकुजीचा हात आपोआप लिफ्ट बंद करायच्या दांड्याकडे गेला. फळी आली, बंद करायचं. बापानं शिकवलेलं. हात दांड्यावर पडला, आणि तिथंच राहिला. कारण तेव्हा त्याला ती किटली आठवली.

दोन्ही हात किटलीत अडकले असतील. फळी कुठं धरणार... तिनं ती जाणाऱ्या खुर्चीला अडकवून दिली असेल. आणि स्वतः मागच्या कुठल्या तरी...

बाप खरं बोलला होता. आणि तरीही त्यानंच तिला वर सोडलं होतं.

हात काढला. थांबला.

रिकामी खुर्ची. रिकामी. रिकामी...

मग एक आली. एका बाजूला झुकलेली. तिच्यावर बर्फ साचलं होतं, सगळीकडे. फक्त बसायच्या जागी नाही.

त्याच्यासमोर येऊन ती हलकेच वर उचलली गेली. कुणी उतरल्यावर उचलली जाते तशी.

चाक थांबलं.

तो मागे न बघता घरी आला. दार उघडलं. उंबऱ्याशी, जिथं आपण पायताणं काढतो तिथं, गवताचे बूट होते. बायकी. ओले. टाचेला निळ्या कापडाची पट्टी. टोकं आतल्या बाजूला.

त्यानं गेंझोला फोन केला, एवढंच म्हणाला, "ये." गेंझो भांडायच्या तयारीनंच आला. बूट पाहिले आणि वाकून टाचेची पट्टी चाचपली.

"ही पट्टी आईनं शिवलेली. हे आम्ही तिच्याबरोबर जाळले."

तोकुजीनं सगळं सांगितलं. मग, निघणाऱ्या पाहुण्यासाठी आपण करतो तसं, गेंझोनं बुटांची टोकं दाराकडे वळवली.

"आई, चल. घरी चल."

दोघे आत जाऊन चहा प्यायले. बाहेर आले तर टोकं पुन्हा आत.

दुसऱ्या संध्याकाळी घराघरातून ‘भुतं बाहेर’ सुरू झालं. तोकुजीच्या दारात गेंझो मूठभर सोयाबीन घेऊन उभा होता. त्याची मूठ काही उघडेना. शेवटी त्यानं दाणे खिशात टाकले आणि शिक्का काढून पुढे केला.

"राहू दे," तोकुजी म्हणाला. "आत माणूस बसलेलं असताना घर कसं विकू?"

ती माफ करायला आलीय की कामेओची वाट बघत बसलीय, मला विचारू नका. त्यांनाही ठाऊक नाही. गेंझो रोज सकाळी जातो आणि बूट दाराकडे वळवून येतो. परवा मीही गेलो होतो. टोकं आतच होती. आणि बूट अजून ओले आहेत.