पाठाचं शेवटचं पान

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. गेल्या डिसेंबरमध्ये, चिखलीत माझ्या धाकट्या भावाच्या फ्लॅटमध्ये हे घडलं.

आम्ही मूळचे नांदेडचे शीख. घरात मराठी बोलतो, पाठ गुरुमुखीत करतो. पाठाच्या लहान पोथीला आम्ही गुटका म्हणतो. आईचा गुटका तळहाताएवढा होता. हात धुऊन, डोकं झाकून मगच ती त्याचा रुमाल सोडायची. शेवटच्या आजारात पाठ एका बैठकीत व्हायचा नाही. रोज संध्याकाळी थोडा वाचून ती पानांत लाल रेशमी दोरी ठेवायची.

ती गेली तेव्हा दोरी मध्यावर होती.

"उरलेला पाठ आपण पुरा करू," भाऊ दिग्विजय म्हणाला.

मी टाळलं. पाठ संपला की आईचं या घरातलं शेवटचं कामही संपणार होतं.

मी काही दिवस तिथेच राहिले. एका सकाळी गुटका उघडला आणि...

दोरी पुढे सरकली होती.

माझा संशय सरळ विजयश्रीवर गेला. ती माझी भावजय, राजगुरुनगरकडची, शीख घरातली नव्हे. लग्न तिनं आणि दिग्विजयनं स्वतः ठरवलं होतं. आईनं तिला गुटक्याला कधी हात लावू दिला नव्हता.

"तू आईचा गुटका घेतलास?"

"मी कशाला घेऊ, ताई? मला ती अक्षरं तरी येतात का?"

तिनं नजर वर केली नाही. ते मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी दोरी आणखी पुढे. आईच्या खोलीतल्या बाथरूममधला टॉवेल ओला. ती खोली कुणी वापरत नव्हतं.

दिग्विजय सेकंड शिफ्टला निघाला होता. बूट घालता घालता हसला. "अगं, नळाचा वॉशर गेलाय. प्लंबरला बोलावू की भगताला?"

"वॉशर गेला म्हणून टॉवेल भिजतो का रे?"

त्यानं बुटाची नाडी बांधली आणि तो निघाला.

त्या संध्याकाळी मी खोलीला कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या मुठीत धरल्या. विजयश्रीला समोर बसवलं आणि आम्ही मटार सोलू लागलो. आता बघू, म्हटलं.

बाहेर अंधारून आलं.

आणि आतून... नळाचा आवाज आला.

थोडा वेळ पाणी वाहिलं. मग नळ बंद झाला.

माझे हात थांबले. विजयश्रीचे थांबले नाहीत. तिनं फक्त खांद्यावरची ओढणी उचलली... आणि शांतपणे डोक्यावर घेतली.

"हे काय?"

"काय?" ती म्हणाली. शेंग सोलत राहिली.

मी धावत जाऊन कुलूप उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. टॉवेल ओला होता. गुटका रुमालात नीट बांधलेला. मी रुमाल सोडला. दोरी शेवटच्या पानावर आली होती.

एकच पान उरलं होतं.

मी बॅग भरली, गुटका ओढणीत गुंडाळला आणि पुनावळ्याला माझ्या घरी आले. निघताना विजयश्री दारात उभी होती.

"ताई, तो इथंच राहू द्या ना."

"का?"

तिनं गुटक्याला लांबूनच हात जोडले.

माझ्या घरी गुटका उंच फळीवर ठेवला. रोज संध्याकाळी मी कान देऊन बसते. नळ वाजत नाही. टॉवेल कोरडा. दोरी आहे तिथेच आहे.

मला बरं वाटायला हवं होतं.

काल दिवेलागणीला तिचा फोन आला.

"ताई, शेवटचं पान राहिलंय. तेवढा गुटका आणून देता का?"

"कुणाला हवंय?"

तिच्या मागे... नळ वाहत होता.

"आई विचारतायत, लेकीनं मधेच का नेला."

ती खोटं बोलत असेल. गुटका परत मिळवायला बोलत असेल. आई मला सोडून तिच्याशी का बोलेल? मी स्वतःला हेच समजावते आहे.

पण दोरी शेवटच्या पानावर आहे, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

आणि फोन ठेवताना लक्षात आलं...

माझ्या डोक्यावर ओढणी होती.

ती मी कधी घेतली, मला आठवत नाही.